क्लिअरन्स : एका बालवर्गासाठी केलेल्या साधनांच्या नोंदी

२४ जून

ताईंच्या वर्गातल्या टेबलाचा पाय हलत होता, तेवढ्यासाठी बोलावलं होतं. पाय दहा मिनिटांत बसला. मी मात्र दीड तास बसून राहिलो.

नाशिकच्या सिडकोतल्या रो-हाऊसची खालची खोली. साडेतीन ते पाच वर्षांची पाच मुलं, सगळी स्वमग्न. दोघं बोलतात, एक जण आपण बोललेलं तसंच्या तसं परत बोलतो, दोघं अजिबात बोलत नाहीत. मला वाटलं होतं नुसता गोंधळ असेल, तर आमच्या कारखान्यातल्या टूल रूमपेक्षा इथे शिस्त जास्त. प्रत्येक टेबलावर डावीकडे एक टोपली, उजवीकडे एक. डावीकडचं काम उचलायचं, मधे करायचं, उजवीकडे टाकायचं. उजवीकडच्या टोपलीवर लिहिलंय 'झालं'. डावी टोपली रिकामी झाली की सुटी.

मी अठ्ठावीस वर्षं सातपूरला असाच बेंचवर उभा होतो. डावीकडे कच्चा माल, उजवीकडे तयार जॉब. ताईंना म्हटलं, हे तुम्ही कारखान्यातून उचललंत की काय? त्या म्हणाल्या, एरिक शॉप्लर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात ही पद्धत बसवली, १९७२ पासून तिथे ती सरकारी कार्यक्रम म्हणून चालते, तिला 'टीच' म्हणतात. काम किती आहे, कुठे संपतं आणि संपल्यावर काय, हे डोळ्यांना दिसलं की या मुलांची अर्धी घालमेल थांबते.

टोपलीतला माल मात्र अगदीच टाकाऊ. बाजारातली प्लास्टिकची कोडी, तुकडा खाचेत अर्धा बसतो आणि अर्धा वर राहतो. बाकी झेरॉक्सचे कागद. मूल काहीतरी भलतंच लावतं, ताई "नाही राजा, बघ बरं" म्हणतात, मूल ताईंच्या तोंडाकडे बघतच नाही, म्हणजे 'नाही' पोचतच नाही. किंवा इतक्या जोरात पोचतं की टोपली भिंतीवर जाते.

"काका, चूक सांगायला माणूस लागू नये असं काही करता येईल का?"

आमच्याकडे याला पोका-योके म्हणतात. शिगेओ शिंगो या जपानी इंजिनिअरने १९६० च्या दशकात टोयोटाच्या कामात हा प्रकार रुजवला: जॉब उलटा बसणारच नाही अशी फिक्स्चरच, म्हणजे जॉब धरायची चौकटच, करायची. मी हो म्हणून आलो. बायको म्हणाली, रिटायर झाल्यावर ज्ञानेश्वरी वाचणार होतात ना.

२७ जून

मुलांची नावं या वहीत लिहिणार नाही. आवडीवरून ओळखतो: पंखेवाला, बसवाली, पाणीवाला, चेनवाला (दप्तराच्या चेनी, सायकलच्या नव्हे) आणि गोलवाली. ताईंना विचारूनच ठेवली ही नावं. त्यांनी अट घातली, "आवडीवरून चालेल, त्रासावरून कुणाला नाव ठेवायचं नाही."

ताईंनी कपाटातून जुना फॉर्म बोर्ड काढून दाखवला. दहा आकार, दहा खाचा. एकोणिसाव्या शतकात सेगँ नावाच्या फ्रेंच डॉक्टराने मतिमंद म्हणून बाजूला टाकलेल्या मुलांसाठी तो केला, पुढे माँटेसोरीबाईंनी त्याच्याच कामावरून धागा घेतला. बोर्ड हातात घेऊन खाचांच्या कडा बघितल्या. दीडशे वर्षांपूर्वीचा फिटर आपलाच भाऊबंद.

३ जुलै

पहिला बोर्ड. द्वारका चौकाजवळच्या एका सुताराकडून सागाचे उरलेले तुकडे आणले, एका पिशवीचे पन्नास रुपये.

खुंटी १२ मिमी, लांबी ६०. भोक आधी १२.१ पाडलं. पंखेवाल्याची बोटं एवढी हलकी की खुंटी वरच अडकली आणि तो उठून गेला. १२.५ केलं. कारखान्यात एवढं क्लिअरन्स, म्हणजे खुंटी आणि भोक यांच्यातली मोकळी जागा, ठेवलं असतं तर फोरमनने भोक माझ्याच कपाळाला पाडलं असतं. इथे मात्र खुंटी सोडली की आपल्या वजनाने खाली जाते आणि तळाला 'टक' वाजतं. त्या 'टक'साठी पंखेवाला परत आला. गोलवालीने कान झाकले. तिच्या बोर्डाच्या भोकांत फेल्टच्या चकत्या टाकल्या.

१२ जुलै

आज जे झालं ते माझ्या हट्टापायी.

ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडला, अनुताई वाघांना सोबत घेऊन, बिया, शंख, पानं, खडे यांवर बालवाड्या उभ्या केल्या, हे मला शाळेपासून पाठ. म्हणून मोजायला चिंचोके आणले. गुळगुळीत, फुकट, हाताला छान. ताई म्हणाल्या, आपली मुलं तोंडात घालतात. मी म्हटलं, मी बसतो ना शेजारी. मी शेजारीच बसलो होतो आणि चेनवाल्याने चिंचोका नाकात घातला.

डॉक्टरांनी चिमट्याने काढला, दोन मिनिटांचं काम. चेनवाला परत येताना रिक्षात "मी बसतो ना शेजारी, मी बसतो ना शेजारी" म्हणत होता. त्याच्या आईला ते वाक्य कुणाचं ते माहीत नव्हतं, एवढंच बरं.

१५ जुलै

लेथवाल्या मित्राकडे जाऊन गेज करून घेतलं. खेळण्यांचं भारतीय मानक आहे, आयएस ९८७३. त्यात तीन वर्षांखालच्या मुलांसाठी एक नळी दिलीय, आतला व्यास ३१.७ मिमी, तळ तिरका. जी वस्तू दाबल्याशिवाय नळीत पूर्ण मावते ती घशात अडकू शकते. आमची मुलं तिनाच्या वरची, पण तोंडात घालायची सवय वय बघत नाही. खोलीतली प्रत्येक वस्तू नळीत टाकून पाहिली. मणी, नट, प्लास्टिकचे प्राणी, शार्पनर मिळून एक किलोभर सामान बाद. खुंट्या ६० मिमी असल्याने डोकं बाहेर राहतं, म्हणून वाचल्या. ती लांबी मी काही विचार करून ठेवली नव्हती.

रंगही रद्द. घरी जुन्या पिवळ्या ऑइलपेंटचा डबा होता, त्यावरची तारीख पुसलेली. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या वर नको हा नियम नोव्हेंबर २०१७ पासूनचा, आणि माझा डबा बहुधा त्याआधीचा. मुलं चाटणार हे धरूनच चालायचं. कोरं लाकूड, २२० नंबरचा पॉलिश पेपर मारून.

२० जुलै

आकडे जिगसॉ करवतीवर कापले. दिसायला झकास. वर्गात नेले आणि पाचच मिनिटांत माझी फजिती झाली. कापलेला ३ पालथा ठेवला की ६ होतो. चेनवाल्याने दोन्ही शेजारी ठेवून अक्षरशः छत्तीसचा आकडा करून दाखवला आणि मी एक तास डोकं धरून बसलो. आपल्याकडे दोन माणसांच्या भांडणाला जो आकडा म्हणतात तो लहान मुलाच्या दृष्टीने एकच लाकूड, दोन बाजूंनी.

आता कापायचं नाही. चौकोनी पाटी, तिच्यावर आकडा पॉलिश पेपरचा, पाटीचा एक कोपरा सिमकार्डासारखा छाटलेला. उलटी, पालथी, आडवी ठेवताच येत नाही.

आणखी एक भानगड. बसवालीच्या डोक्यात सिटीलिंकच्या बसचे आकडे आहेत, म्हणजे इंग्रजी. आपला १ तिला इंग्रजी नऊ वाटतो, आपला ४ इंग्रजी आठ. ताईंनी ठरवलं, बोर्डावर फक्त मराठी आकडे. बसचे आकडे बसवर राहू देत, ते तिचे आहेत, आपण हात लावायचा नाही.

६ ऑगस्ट

मुख्य बोर्ड तयार. पाच पट्ट्या, पहिलीत एक भोक, पाचवीत पाच. प्रत्येक पट्टीच्या डाव्या टोकाला खाच, आणि आकड्याच्या पाटीला मागे लाकडी शेपूट. शेपटांची रुंदी वेगवेगळी, ८ पासून २४ मिमीपर्यंत. ३ ची पाटी तीन भोकांच्या पट्टीतच बसते. चुकीची बसत नाही, बसली तर हलते. कुणी काही सांगायला नको.

पंखेवाल्याने आज सलग चार वेळा पूर्ण लावला, एकही चूक नाही. गोलवालीने दोनदा. ताईंनी फोटो काढून पालकांना पाठवले. मी घरी येताना मिसळ खाल्ली, एकट्यानेच.

१३ ऑगस्ट

ताईंनी आज काही न बोलता पाचही आकड्यांवर कागद चिकटवला आणि बोर्ड पंखेवाल्यापुढे ठेवला.

त्याने पाचही पाट्या बरोबर लावल्या.

आकडा दिसतच नव्हता. तो अंगठ्याने शेपटाची रुंदी चाचपत होता आणि खाच शोधत होता. आठवडाभर मी ज्याला अंकओळख म्हणत होतो ते फिटिंग होतं. मग ताईंनी पाट्या नुसत्या टेबलावर मांडल्या, बोर्डाशिवाय, आणि तीन खुंट्या ठेवून विचारलं, कुठला? त्याने पाट्या पालथ्या करून शेपटं बघितली.

मी आयुष्यभर गेज केली. गेज म्हणजे काय, तर मोजणाऱ्याला मोजायची गरज पडू नये. 'गो' बाजू गेली, 'नो-गो' अडकली, पुढचा जॉब. हेल्परला व्हर्निअर वाचता येत नसलं तरी चालतं. इथेही मी तेच केलं, आणि मुलाला मोजायची गरज पडू दिली नाही. वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. पोराने ८, १२, १६, २०, २४ मधला फरक बोटांनी ओळखला. आमच्याकडे ॲप्रेंटिसला हे शिकायला महिने लागायचे.

ताई चहा देताना म्हणाल्या, "काका, तो चुकला नाही. आपण विचारलं त्याचं त्याने बरोबर उत्तर दिलं."

२२ ऑगस्ट

नवा बोर्ड. शेपटं सगळी सारखी, १६ मिमी. चूक लाकडाने सांगायची नाही, संख्येने सांगायची. पाच कप्पे, एक ते पाच, आणि वाटीत मोजून १५ खुंट्या. एक, दोन, तीन, चार, पाच मिळून पंधरा. कुठे जास्त टाकली तर शेवटच्याला कमी पडणार, कमी टाकली तर वाटीत उरणार. माँटेसोरींच्या कांड्यांच्या पेटीत हीच युक्ती आहे, तिथे शून्य ते नऊसाठी ४५ कांड्या.

पंखेवाल्याने वाटी घेतली. प्रत्येक कप्प्यात तीन-तीन. पंधरा भागिले पाच. काही उरलं नाही, काही कमी पडलं नाही, खुशीत हात फडफडवत टोपली 'झालं'मध्ये.

ताई हसून हसून खाली बसल्या. मलाही हसू आलं, पण रात्री उशिराने.

२३ ऑगस्ट

शून्याचा कप्पा वाढवला. सहा कप्पे, १५ खुंट्या, समान वाटणी होतच नाही. दोनमध्ये तीन आणि तीनमध्ये दोन टाकल्या तर अजूनही शेवट जुळतो, त्यावर उपाय डोक्यात होता. ताई म्हणाल्या, "तेवढं मी बघते. सगळंच लाकडाने करायचं ठरवलंत तर मी काय करू?"

शून्य सोपा नाही. पाणीवाल्याला रिकामा कप्पा बघवत नाही, तो त्यावर तळहात ठेवून एका हाताने बाकीचं करतो. गोलवालीने ताईंच्या हातातली बांगडी काढून शून्यावर ठेवली. बसते बरोबर. आता ती बांगडी बोर्डाचाच भाग आहे.

२९ ऑगस्ट

पाऊस लागून राहिलाय. रिक्षावाला, भाजीवाली, जो तो विचारतोय, मारुती कुठपर्यंत बुडाला? गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, छातीला पाणी, नाशिककराची पूरमोजणी हीच. इंचपट्टी कुणी विचारत नाही.

पाणीवाल्यासाठी तेच घेतलं. काचेची उंच बरणी, टेबलाला क्लॅम्प केलेली. आत जाड प्लास्टिकचा कापलेला मारुती, पाय, गुडघा, कंबर, छाती अशा चार रेघा. भांडीबाजारातून पितळी चिपटं आणि मापटं आणलं. दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे शेर. दुकानदार विचारतो, धान्य मोजायला? म्हटलं, पूर मोजायला.

बरणी अशी निवडली की एका चिपट्याने पाणी एकेक रेघ चढतं. हे जमवायला तीन बरण्या बघाव्या लागल्या. पाणीवाला पाऊण तास हलला नाही. ताई फक्त "गुडघा" म्हणाल्या आणि थांबल्या. त्याने ओतलं. "कंबर". ओतलं. मग त्याने स्वतः चिपटं पुढे केलं आणि म्हणाला, "अजून एक." हा मुलगा आतापर्यंत फक्त "पाणी" म्हणायचा.

मग मापट्याने ओतलं तर एकदम दोन रेघा चढल्या. त्याने ताईंकडे बघितलं. ताईंकडे, बरणीकडे नाही. मी वहीत वेळ लिहून ठेवली: ११.४०.

जमीन पुसायला मीच होतो.

१८ सप्टेंबर

अक्षरं. गणपतीनंतर सुरू करायचं ठरलं होतं.

ताई अ, आ, इ, ई पासून सुरू करत नाहीत. ग, म, भ, न. आपल्याकडे कुठल्याही गोष्टीच्या सुरुवातीला 'गमभन' म्हणतात ते उगाच नाही. चौघांनाही उजवीकडे उभा दंड, हाताचं वळण जवळजवळ एकाच घरातलं. भ आणि म मात्र एकापाठोपाठ द्यायचे नाहीत, गल्लत होते.

पाट्या पॉलिश पेपरच्या. ८० नंबर लावला तर चेनवाल्याने बोट ओढून घेतलं, गोलवाली मात्र त्याच पाटीवर गाल घासत बसली. एकच खरखर सगळ्यांना चालत नाही. चेनवाल्याला मखमल, गोलवालीला १२०, बाकीच्यांना २२०. पाणीवाल्याला तर परातीत ओला रवा. पूर्वी धुळपाटीवर बोटाने अक्षर गिरवायचे, त्यातलाच प्रकार. चुकलं तर परात हलवायची, खाडाखोड दिसत नाही.

माझं काम वेगळं. इंग्रजी अक्षर जमिनीवर उभं असतं, आपलं अक्षर शिरोरेघेला लटकतं. खुंटीला टोपी अडकवावी तसं. मग तसंच करायचं. ॲल्युमिनिअमचा टी-स्लॉटचा रूळ, भिंतीला मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर. प्रत्येक अक्षराच्या माथ्याला टी आकाराची पट्टी, ती रुळात सरकते. अक्षर उलटं लागतच नाही. दोन अक्षरं सरकवून चिकटवली की वरची रेघ सलग होते, तो शब्द. फट ठेवली की दोन शब्द.

टी-पट्टीला किती क्लिअरन्स ठेवायचं यावर दोन दिवस घालवले. घट्ट ठेवलं तर ओढताना कंटाळा, सैल ठेवलं तर अक्षर तिरकं लटकतं. शेवटी ०.६. ऑगस्टनंतर हा आकडा लिहिताना हात थबकतो: हे क्लिअरन्स अक्षर धरण्यासाठी आहे, ओळखण्यासाठी नाही ना? सगळ्या अक्षरांची पट्टी मुद्दाम एकाच मापाची केली. ताईंनी न सांगता कागद चिकटवून मीच तपासलं.

९ ऑक्टोबर

काना आला. काना म्हणजे नुसती उभी कांडी, मुलांना पटकन कळते. मामा, नाना, काका, बाबा, दादा. नात्यातली निम्मी माणसं एका कांडीवर उभी आहेत.

पहिली वेलांटी पुढे ढकलली. 'कि' मध्ये वेलांटी आधी येते आणि उच्चार नंतर. जी मुलं महिनाभर डावीकडून उजवीकडे शिकली त्यांना आता सांगायचं की डावीकडचं नंतर वाच? ताई म्हणाल्या, दुसरी वेलांटी आधी देऊ, ती तरी उजवीकडे पडते.

आज साडेदहाला पंखेवाल्याने रुळावर क, कांडी, क, कांडी सरकवलं. मग येऊन माझं मनगट धरलं, मला रुळापाशी नेलं, माझा हात 'काका'वर ठेवला. मी भारावणार तेवढ्यात त्याने तोच हात धरून मला पंख्याच्या बटणापाशी नेलं. बटण वर आहे, त्याचा हात पोचत नाही.

पंखा लावला.

२४ ऑक्टोबर

बसवालीला कुणी वाचायला शिकवलं नाही, तरी ती वाचते. निमाणी, नाशिकरोड, पाथर्डी फाटा, औषधाच्या बाटलीवरचा मजकूर, सगळं. तिच्या आजीला वाटतं सरस्वती प्रसन्न आहे. ताईंनी 'वाटी' अशी चिठ्ठी दिली, तिने खणखणीत वाचली. समोर वाटी, चमचा, बूट. कुठली उचलायची, पत्ता नाही. याला हायपरलेक्सिया म्हणतात, शब्द १९६७ पासूनचा. वाचन पुढे पळतं आणि अर्थ मागे राहतो.

म्हणजे तिला अक्षरं शिकवायची नाहीतच, अर्थ चिकटवायचा. तिच्यासाठी सहा डबे केले, प्रत्येकाचं झाकण वेगळं: एक ओढायचं, एक फिरवायचं, एक दाबायचं, एक सरकवायचं, एक उचलायचं, एक ठोकायचं. झाकणावर तोच शब्द. आत बसचं तिकीट. 'फिरव' वाचून ओढत राहिली तर डबा उघडत नाही. शेजारी पाटी घेऊन पंखेवालाही उभा राहतो, त्याला फक्त फिरवायचा डबा हवा असतो.

१९ नोव्हेंबर

दिवाळीनंतर पहिला आठवडा. फटाक्यांनी चार मुलांची झोप मोडलेली. बोर्ड तसेच पडून. ताई फक्त टोपल्या डावी-उजवी करायला लावतायत, रिकाम्या सुद्धा. मी ड्रिलला तेल घातलं.

५ डिसेंबर

चेनवाल्याचे वडील आले होते. एका नर्सरीने फी घेऊन दोन महिन्यांत "तुमच्या मुलाला वेगळी शाळा बघा" सांगितलं, तेव्हापासून ते इथे आहेत. विचारत होते, एबीसीडी कधी? ताईंनी त्यांना रुळापाशी नेलं. चेनवाल्याने 'बाबा' लावलं आणि मोठ्याने म्हणाला, "एबीसीडी कधी?"

वडील हसले. नंतर बाहेर पायरीवर बराच वेळ एकटेच बसले होते. मी शेजारी जाऊन बसलो. ते अंबडच्या कारखान्यात सीएनसी मशिनवर आहेत. आम्ही इन्सर्टच्या, म्हणजे मशिनच्या कापणाऱ्या टोकांच्या, भावाबद्दल बोललो.

१४ जानेवारी

तिळगूळ. सहा माणसं, सहा वाट्या, प्रत्येकीत दोन. गोलवाली बोर्डावर पाचपर्यंत बिनचूक, इथे वाट्यांपुढे नुसती उभी. बोर्डावरचा दोन आणि वाटीतला दोन हे तिच्या लेखी दोन वेगळे प्राणी. ताई म्हणतात, हे सगळ्यात अवघड: इथलं तिथे नेणं.

तर आता घरोघरी घरच्याच वस्तू. पाणीवाल्याची आई पोळ्या मोजून डब्यात ठेवायला लावते. गोलवालीचे आजोबा संध्याकाळी देवापुढे तीन फुलं मागतात, तीनच. दोन दिली तर हात पुढेच ठेवतात, बोलत नाहीत. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

१८ फेब्रुवारी

दिंडोरीला भाच्याच्या पॅकहाऊसवर गेलो. द्राक्षांचे रिकामे पनेट, म्हणजे छोटे डबे, शंभर आणले, पारदर्शक, झाकणाचे, कामाच्या टोपल्यांना उत्तम. तिथल्या बायका मण्याची साइज बघायला प्लास्टिकच्या रिंगा वापरतात, सोळा, अठरा. त्या मागून आणल्या. द्राक्षं मोजायला द्यायचा मोह झाला. खिशात नळी होती. अठरा मिमीचा मणी तिच्यात आरामात गेला. द्राक्षं उभी चिरून खायला दिली, मोजायला पनेटची झाकणं.

१७ मार्च

परवा रंगपंचमी. शनी चौकात, तिवंध्यात रहाडी, म्हणजे एरवी बुजवलेले रंगाचे हौद, उघडतील. ढोल, पाइपने रंग, लोक हौदात धप्पा मारणार. चेनवाल्याचं घर जुन्या नाशकात, त्याच गल्लीत. गेल्या वर्षी तो दिवसभर पलंगाखाली होता.

ताईंनी दहा भोकांची पट्टी मागितली होती. आठ दिवसांपासून रोज सकाळी तो एक खुंटी काढतो. शेवटच्या भोकाशी ढोलाचं चित्र, त्याच्या पुढे मामाच्या घराचं चित्र, इंदिरानगर. आज दोन खुंट्या उरल्या. त्याने स्वतः मोजलं: एक, दोन. मग चित्रावर बोट ठेवून "मामा". मागून कुणाचं वाक्य उचललेलं नव्हतं, त्याचंच होतं.

२२ मार्च

नवा मुलगा आलाय, साडेतीन वर्षांचा. टेबलाशी तीस सेकंदसुद्धा टिकत नाही. ताई म्हणाल्या, "काका, तो ऑगस्टमधला बोर्ड कुठाय? शेपटांचा."

म्हटलं, फेकला नाही, माळ्यावर आहे. पण तो चुकीचा निघाला ना?

"पंखेवाल्यासाठी. याला आधी काहीतरी बसलं पाहिजे."

मग आम्ही कागदावर काढलं. तीन बोर्ड. पहिल्याची शेपटं ८ ते २४, फरक चार-चारचा. दुसऱ्याची १४ ते १८, फरक एक-एकचा, म्हणजे बोटाला जेमतेम कळेल आणि डोळे वापरावे लागतील. तिसऱ्याची सगळी १६. पंखेवाला आमच्या मागे उभा राहून कागदाकडे बघत होता. त्याने दुसऱ्या बोर्डाच्या चित्रावर अंगठा फिरवला.

साग संपलाय, द्वारकेला जायला हवं. १२.५ चं ड्रिल बोथट झालंय. फेल्टच्या चकत्या सहा. नव्या मुलाला आवाज चालतो की नाही, उद्या बघणे.